लेझरने कापायच्या देवनागरी पाटीची फाइल कशी तयार करावी

घरासाठी करून घेतलेली स्टीलची पाटी परत घेऊन एक गृहस्थ आमच्याकडे आले होते. पाटीवर ‘शिंदे’ असायला हवे होते आणि होते ‘शिदे’. संगणकाच्या पडद्यावर अनुस्वार व्यवस्थित दिसत होता, फाइलमध्येही तो होता, यंत्राने तो नीट कापलाही होता. मात्र तो कशालाच जोडलेला नसल्यामुळे कापून होताच पट्ट्यांमधल्या फटीतून खाली भंगारात पडला. लेझर कटिंगसाठी येणाऱ्या फाइली तपासण्याच्या कामात अशा चुका मला वारंवार दिसतात. त्यांतल्या बहुतेक चुका पत्रा यंत्रावर चढण्याच्या आधी, आपल्या संगणकापुढे बसूनच टाळता येतात. म्हणून नावाची पाटी हेच उदाहरण घेऊन फाइल कशी तयार करावी ते येथे सविस्तर मांडत आहे. दाराची जाळी, ब्रॅकेटची पट्टी किंवा दुकानाचा फलक करायचा असला तरी यांतले बरेचसे लागू पडते.

यंत्र काय पाहते, हे आधी समजून घ्यावे. पत्रा कापण्यासाठी आज बहुतेक ठिकाणी फायबर लेझर वापरतात. त्याचा किरण नोझलमधून पत्र्यावर पडतो, त्या जागी धातू वितळतो, आणि त्याच नोझलमधून जोराने येणारा वायू वितळलेला धातू खाली ढकलून देतो. पत्रा उभ्या दातेरी पट्ट्यांवर ठेवलेला असतो आणि पट्ट्यांच्या मध्ये मोकळी जागा असते. यंत्राला अक्षर कळत नाही, भरलेला रंग कळत नाही, रेषेची जाडी कळत नाही. त्याला कळतो तो फक्त मार्ग. फाइलमध्ये जिथे रेषा आहे तिथे काप पडणार आणि जो आकार सगळीकडून कापला गेला तो सुटा होणार.

पाटी कोणत्या प्रकारची, ते आधी ठरवावे

धातूची पाटी दोन प्रकारे करता येते. एका प्रकारात पत्र्यातून अक्षरे आरपार कापून काढतात, म्हणजे अक्षराच्या जागी पोकळी राहते आणि मागच्या भिंतीचा रंग किंवा दिव्याचा उजेड त्यातून दिसतो. दुसऱ्या प्रकारात अक्षरेच धातूची असतात आणि भोवतालचा पत्रा काढून टाकलेला असतो. फाइल तयार करण्याची रीत या दोन्हींत अगदी उलटी आहे, कारण पहिल्या प्रकारात अक्षराच्या पोटातला भाग गळून पडतो, तर दुसऱ्यात अक्षरापासून तुटलेला भाग गळून पडतो. त्यामुळे हा निर्णय झाल्याशिवाय रेखाटन सुरू करू नये.

त्यासोबतच धातू आणि जाडी ठरवावी. साध्या लोखंडी पत्र्याला कारखान्यात एमएस म्हणतात, तर न गंजणाऱ्या स्टीलला एसएस. एसएसमध्ये ३०४ हा नेहमीचा दर्जा आहे; त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. रत्नागिरी, मालवण किंवा गोव्याच्या किनाऱ्यालगतच्या घरासाठी पाटी असेल तर ३१६ दर्जाचा आग्रह धरावा, कारण त्यातल्या मॉलिब्डेनममुळे खाऱ्या हवेत पडणारे बारीक गंजाचे डाग बरेच रोखले जातात. जाडीचा संबंध वजनाशीही आहे. एक चौरस मीटर आणि एक मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन सुमारे ७.८५ किलो भरते. त्या हिशेबाने ६०० बाय ३०० मिमीची, ३ मिमी जाडीची सलग पाटी जवळजवळ सव्वाचार किलोची होते. हलक्या लाकडी दारावर ती टांगायची असल्यास १.५ किंवा २ मिमी पुरे.

जाडी नेहमी मिलिमीटरमध्येच लिहावी. बाजारात अजूनही १६ गेज म्हणजे साधारण १.६ मिमी आणि १८ गेज म्हणजे १.२ मिमी असे बोलले जाते. कारागीर ‘दोन सूत’ म्हणतो तेव्हा त्याला पाव इंच म्हणायचे असते, कारण एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी. बोलताना हे शब्द चालतात, परंतु फाइलसोबतच्या पत्रात ते घातले की प्रत्येक जण आपापल्या परीने त्यांचा अर्थ लावतो.

अक्षरांचे काम

नाव युनिकोडमध्ये टंकित करावे. शिवाजी किंवा कृतिदेव यांसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला की मराठी अक्षरांच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची गिचमीड दिसते. युनिकोडमध्ये लिहूनही सगळे प्रश्न संपत नाहीत. आरेखनाच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे सरकते आणि जोडाक्षर फुटून पायमोडके अक्षर उरते. शिवाय अनेक फॉन्टमध्ये ल आणि श ही अक्षरे हिंदी वळणाची असतात. आपल्याला मराठी वळण हवे असेल तर ते देणारा फॉन्ट निवडावा. ‘कुऱ्हाडे’ या आडनावातला अर्धा र डोळ्याच्या पापणीसारखा आला आहे की त्याचा रफार झाला आहे, हे विशेष पाहावे. ज्याचे नाव आहे त्याला ही चूक दारातून येता-जाता आयुष्यभर दिसत राहते, आणि कारखान्यातला माणूस ती दुरुस्त करणार नाही, कारण त्याचे काम फाइलमध्ये आहे तसे कापण्याचे आहे.

मजकूर बरोबर आहे याची खात्री झाली की तो आकारात बदलावा. कोरलड्रॉ या आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर निवडून कंट्रोल आणि क्यू दाबले की त्याचे कर्व्ह, म्हणजे रेषांचे आकार, होतात. इंकस्केप या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘पाथ’ मेनूतले ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ वापरावे. यानंतर ते अक्षर न राहता रेषांचा आकार बनते आणि फॉन्ट नसलेल्या संगणकावरही जसेच्या तसे उघडते.

यापुढची पायरी रोमन लिपीत फारशी लागत नाही, पण देवनागरीत ती अटळ आहे. देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा स्वतंत्र असते आणि ती शेजारच्या अक्षराच्या शिरोरेषेवर थोडी चढलेली असते. पडद्यावर काळा रंग भरलेला असल्याने ती एकसंध दिसते. प्रत्यक्षात प्रत्येक सांध्यावर दोन उभ्या रेषा लपलेल्या असतात. फाइल तशीच गेली तर यंत्र त्या रेषाही कापते आणि शिरोरेषेचे तुकडे होतात. मात्रा, वेलांटी आणि उकार जिथे अक्षराला चिकटतात तिथेही हेच घडते. म्हणून सर्व भाग निवडून ते एकजीव करावेत. या क्रियेला कोरलड्रॉमध्ये ‘वेल्ड’ आणि इंकस्केपमध्ये ‘युनियन’ म्हणतात. एक सावधगिरी बाळगावी: कोरलड्रॉमध्ये आकार आधी सुटे करून मग वेल्ड केले तर व, ब, क, प यांच्या पोटातली पोकळी भरून जाते. ती पोकळी बाजूला काढून ठेवावी आणि वेल्ड झाल्यावर ‘कम्बाइन’ करून परत बसवावी.

आता फाइल वायरफ्रेम दृश्यात पाहावी. इंकस्केपमध्ये त्याला ‘आउटलाइन’ म्हणतात. रंग नाहीसे होतात, फक्त रेषा उरतात, आणि जे दिसते तेच यंत्राला दिसणार असते. मला एकच सवय लावायला सांगायची झाली तर मी हीच सांगेन. सांध्यावर उरलेली एखादी रेषा, पांढऱ्या रंगाने झाकून ठेवलेला चौकोन, चुकून दोनदा चिकटवलेले अक्षर, सगळे येथे उघडे पडते.

सुट्या तुकड्यांचा प्रश्न यानंतर सोडवावा. अक्षरे धातूची असतील तर अनुस्वार, चंद्रबिंदू आणि ‘सौ.’ किंवा ‘डॉ.’ पुढचा टिंब हे सारे सुटे पडतात. ‘शिं’सारख्या अक्षरात अनुस्वार थोडा सरकवून वेलांटीला टेकवता येतो, आणि ‘दें’सारख्या अक्षरात मात्रेला. टेकवताना तो नुसता स्पर्श करणारा नसावा, तर एकमेकांत शिरलेला असावा आणि त्यानंतर पुन्हा वेल्ड करावे. स्पर्श एका बिंदूवर असला तर तो बिंदू लेझरच्या उष्णतेने जळून जातो. ज्या शब्दात असे टेकवणे विचित्र दिसते तेथे अनुस्वार वेगळा कापून भिंतीवर चिकटवण्याचा पर्याय उरतो. पण तो गाळला जाऊ नये म्हणून सुट्या भागांची संख्या कारखान्याला लिहून द्यावी. या प्रकारात सगळा भार शिरोरेषेवर येतो. ग आणि ण यांचे डावे भाग केवळ तिलाच लटकलेले असतात, त्यामुळे नाजूक, बारीक वळणाचा फॉन्ट निवडल्यास अक्षर उचलतानाच वाकते. अक्षराचा कोणताही भाग पत्र्याच्या जाडीपेक्षा अरुंद नसावा, आणि बाहेर लावायच्या पाटीत तो जाडीच्या दीडपट असला तर उत्तम.

अक्षरे आरपार कापायची असतील तर प, व, म, क यांच्या पोटातली बेटे गळतात. त्यांना भोवतालच्या पत्र्याशी बांधून ठेवणारे पूल काढावे लागतात. पूल म्हणजे अक्षराच्या रेषेत ठेवलेली, न कापलेली छोटी जागा; ३ मिमीच्या पत्र्यात तो ४ मिमी रुंद ठेवला तर टिकतो आणि फार खुपतही नाही. पूल कुठे घालावा हे सॉफ्टवेअरवर सोडू नये. व किंवा ब यांच्यात तो दांडीच्या बाजूला, एका ओळीत, सर्व अक्षरांत सारख्या उंचीवर ठेवला तर तो अक्षराच्या घडणीचाच भाग वाटतो.

या प्रकारातली दुसरी अडचण पाटी हातात येईपर्यंत ध्यानात येत नाही. शिरोरेषा कापली गेली की तिच्याखाली, दोन अक्षरांच्या मधल्या जागेत, पत्र्याची एकेक जीभ उरते आणि ती फक्त खालच्या बाजूने जोडलेली असते. पातळ पत्र्यात या जिभा बफिंगच्या, म्हणजे घासून चकाकी आणण्याच्या, वेळी किंवा पुसताना फडके अडकून बाहेर वाकतात. त्यावर उपाय असा की शिरोरेषा सलग न ठेवता अक्षरांच्या मधे मधे तीन-चार मिलिमीटर न कापता सोडावी. डोळा ती जागा आपोआप भरून घेतो आणि पाटी मजबूत राहते.

हाताने केलेले सुलेखन कापून घ्यायचे असल्यास कागद मोबाइलने न टिपता किमान ३०० डीपीआयवर स्कॅन करावा आणि ट्रेस करून त्याच्या रेषा कराव्यात. ब्रशच्या कडेचे बारीक दाते कागदावर सुंदर दिसतात, परंतु ट्रेस केल्यावर त्यांचे शेकडो बिंदू होतात. यंत्र प्रत्येक बिंदूपाशी वेग कमी करते, तिथे उष्णता साचते आणि कड खरबरीत होते. म्हणून अर्ध्या मिलिमीटरहून लहान दाते गुळगुळीत करावेत आणि ज्या दात्यांमुळे फटकाऱ्याची गती कळते तेवढे ठेवावेत. हा निर्णय सुलेखनकारानेच करावा असे मला वाटते.

रेषा आणि माप

प्रत्येक आकार बंद असला पाहिजे. अर्ध्या मिलिमीटरची फट राहिली तरी आकाराची आतली बाजू कोणती आणि बाहेरची कोणती हे यंत्राच्या सॉफ्टवेअरला ठरवता येत नाही. तपासण्याची सोपी युक्ती म्हणजे आकारात रंग भरून पाहणे. कोरलड्रॉमध्ये उघड्या आकारात सहसा रंग भरत नाही. एकावर एक बसलेल्या दुहेरी रेषाही शोधाव्यात, कारण यंत्र तोच काप दुसऱ्यांदा कापायला जाते आणि कड जळते. ऑटोकॅडमध्ये ‘ओव्हरकिल’ ही आज्ञा त्यासाठीच आहे. स्क्रूची भोके खऱ्या वर्तुळाची असावीत, छोट्या छोट्या सरळ रेषांची नसावीत. चौकट, तारीख, मापांच्या रेषा आणि बाण कापायच्या फाइलमधून काढून टाकावेत. कोरायचा मजकूर असेल किंवा पत्रा वाकवायचा असेल तर त्या रेषा वेगळ्या लेअरवर, वेगळ्या रंगात ठेवून कोणता रंग कशासाठी ते कळवावे.

फाइल डीएक्सएफ या प्रकारात जतन करावी. हा प्रकार १९८२ साली ऑटोकॅडबरोबरच आला आणि आज जवळजवळ प्रत्येक कटिंगचे सॉफ्टवेअर तो वाचते. त्याची एक उणीव मात्र सर्वाधिक नुकसान करते: त्याच्या जुन्या आवृत्त्यांत आकडे असतात, पण ते मिलिमीटरचे की इंचांचे याची नोंद नसते. २४ इंच रुंदीची पाटी इंचात काढली आणि समोरच्याने ती मिलिमीटर समजून उघडली तर २४ मिमीचे तिकीट तयार होते. हा फरक इतका मोठा असतो की तो लगेच लक्षात येतो. खरा धोका छोट्या फरकांचा आहे. इंकस्केप एका इंचात ९६ पिक्सेल मोजते, त्याच्या ०.९२ पूर्वीच्या आवृत्त्या ९० मोजत असत, तर इलस्ट्रेटर ७२ पॉइंट मोजतो. या गोंधळात ६०० मिमीची पाटी ८०० किंवा ४५० मिमीची होऊ शकते, आणि पडद्यावर ती अगदी योग्य दिसते. म्हणून सारे रेखाटन सुरुवातीपासून मिलिमीटरमध्ये, खऱ्या मापात करावे. आणि डीएक्सएफ तयार झाल्यावर ती दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून एकूण रुंदी मोजून पाहावी. शक्य असेल तर कागदावर पूर्ण आकारात छापून तो कागद दारावर चिकटवावा आणि फाटकाजवळ उभे राहून वाचावा. अक्षर लहान पडते की मोठे, हे त्या एका कागदावरून समजते.

लेझर कापताना स्वतःच्या रुंदीएवढा धातू खातो, त्याला कर्फ म्हणतात. पातळ पत्र्यात फायबर लेझरचा कर्फ साधारण ०.१ ते ०.३ मिमी असतो. प्लाझ्माने कापल्यास तो दीड मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक होतो. या फरकाची भरपाई यंत्राचे सॉफ्टवेअर करते, म्हणून आपण रेषा आत-बाहेर सरकवू नये. तयार वस्तूचे जे माप हवे तेच काढावे. दोघांनीही भरपाई केली की माप दोनदा बदलते. भोकांचा व्यास पत्र्याच्या जाडीपेक्षा कमी नसावा आणि भोक कडेपासून जाडीच्या किमान दुप्पट आत असावे. आटे पाडायचे असतील तर एम६ (६ मिमीच्या स्क्रू) साठी ५ मिमी आणि एम८ (८ मिमीच्या स्क्रू) साठी ६.८ मिमी भोक ठेवावे. एकमेकांत बसणारे भाग असतील आणि वर पावडर कोटिंग (रंगाची भुकटी भाजून बसवलेला थर) होणार असेल, तर प्रत्येक पृष्ठभागावर साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा थर चढतो हे धरून खाच थोडी सैल ठेवावी.

दुकानाचा फलक करणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, त्यानुसार फलकावरची मराठी अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत. दोन्ही ओळींना फॉन्टचा एकच आकडा दिला म्हणून उंची सारखी होत नाही. आकारात बदलल्यानंतर प्रत्यक्ष उंची मोजावी. फलकाच्या कडा मागे वळवून पेटीसारखा करायचा असल्यास बाहेरचे तयार माप सांगावे आणि उलगडलेल्या पत्र्याचे माप कारखान्याला काढू द्यावे, कारण वाकताना पत्रा किती ताणला जाईल हे त्यांच्या बेंडिंग यंत्राच्या साच्यावर अवलंबून असते.

फाइल पाठवताना

डीएक्सएफसोबत एक पीडीएफ जोडावी आणि तिच्यात पाटीचे चित्र, एकूण लांबी-रुंदी, भोकांतील अंतर, धातूचा दर्जा, जाडी, नग आणि पुढची बाजू कोणती हे लिहावे. घासलेल्या फिनिशचा एसएस असेल तर त्यावरच्या बारीक रेषा आडव्या हव्यात की उभ्या हेही लिहावे. ते न लिहिल्यास पत्रा वाचवण्यासाठी भाग कसाही फिरवून मांडला जातो. कोणत्या वायूने कापणार हे विचारून घ्यावे. नायट्रोजनने कापलेल्या एसएसची कड स्वच्छ, चकचकीत येते. एमएस ऑक्सिजनने कापला तर कडेवर ऑक्साइडचा काळसर थर बसतो, आणि तो न काढता पावडर कोटिंग केले तर काही महिन्यांत कडेचे कोटिंग सुटू लागते. फाइल व्हॉट्सॲपवर धाडायची असेल तर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडावी. पडद्याचा फोटो काढून पाठवल्यास समोरच्याला सारे पुन्हा रेखाटावे लागते आणि त्यात तुमचा अनुस्वार, तुमची वेलांटी, तुमचे माप त्याच्या अंदाजावर जाते.

कापण्यापूर्वी कारखान्याने पत्र्यावर भाग कसे मांडले आहेत त्याचे चित्र मागवावे आणि नाव शेवटचे एकदा अक्षर न् अक्षर, शक्यतो ज्याचे नाव आहे त्याच्याकडून वाचून घ्यावे. मजकूर आकारात बदलण्यापूर्वीची मूळ फाइल मात्र वेगळ्या नावाने जपून ठेवावी, कारण कर्व्ह झालेल्या फाइलमध्ये ऱ्हस्व वेलांटी दीर्घ करायची झाली तरी सारे काम पहिल्या अक्षरापासून पुन्हा करावे लागते.